लेबल प्रिंटर : नेहमीचे बिघाड व त्यांचे निदान

मागे गोंद असलेल्या कागदी किंवा प्लॅस्टिकच्या लेबलांवर बारकोड, किंमत, पत्ता इ. मजकूर छापणारे यंत्र. किराणा दुकान, औषधांचे गोदाम, कुरिअरची शाखा, रक्तपेढी अशा ठिकाणी ते वापरतात. बोलण्यात ‘बारकोड प्रिंटर’ किंवा ‘स्टिकरचे मशीन’. छपाई उष्णतेने होते. सिरॅमिक पट्टीवर एका ओळीत अतिसूक्ष्म तापक बिंदू बसवलेले असतात. या पट्टीला ‘हेड’ म्हणतात. प्रचलित २०३ डीपीआय यंत्रात दर मिलिमीटरला ८ बिंदू असतात, म्हणजे चार इंची हेडवर सुमारे ८३२. खालचा रबरी रोलर लेबल हेडवर दाबून पुढे ओढतो. ‘डायरेक्ट थर्मल’ प्रकारात लेबलाचा रासायनिक लेप तापून काळा पडतो, तर ‘थर्मल ट्रान्सफर’मध्ये रिबनवरची शाई वितळून लेबलावर बसते.

छपाई बिघडली की ‘हेड गेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हेड हा यंत्रातला महागडा भाग असल्याने हे निदान सर्वांत शेवटी करावे. आधी यंत्राची स्वतःची चाचणी छापून पाहावी. अनेक मॉडेलांत फीडचे बटण दाबून धरून यंत्र चालू केले की ती निघते. चाचणी स्वच्छ आली तर दोष संगणक, ड्रायव्हर किंवा केबल यांत शोधावा.

लेबल कोरेच बाहेर येणे हा बहुधा रोल किंवा रिबन यांचा घोटाळा असतो. लेबलावर नखाने जोरात ओरखडा काढावा. काळी रेघ उमटली तर कागद डायरेक्ट थर्मल. न उमटल्यास त्याला रिबन लागते. रिबनची शाई आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे चिकटपट्टी लावून पाहावे. ज्या बाजूची शाई पट्टीवर येते ती बाजू लेबलाकडे हवी. मेणाची रिबन प्लॅस्टिक लेबलावर नीट धरत नाही, बोटाने पुसली जाते; तेथे रेझिनची लागते.

छपाई फिकट आली की ‘डार्कनेस’ वाढवण्याचा मोह होतो. त्याआधी यंत्र बंद करून, हेड थंड होऊ देऊन ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे. रोलरला चिकटलेले लेबल ब्लेडने खरवडू नये. मग वेग कमी करून पाहावा आणि तरीही फिकट असेल तरच उष्णता चढवावी. जादा उष्णतेने बारकोडच्या रेषा पसरतात आणि हेडचे आयुष्य घटते.

लेबलाच्या प्रवासाच्या दिशेने, दर वेळी त्याच जागी पांढरी रेघ येत असेल तर तेथे मळ बसलेला असतो किंवा बिंदू जळालेला असतो. पुसूनही रेघ राहिली तर बिंदू गेला असे समजावे. एक बिंदू ०.१२५ मिमी. रुंद असतो. बारकोडच्या रेषा प्रवासाच्या दिशेलाच समांतर असतील तर एवढ्याशा रेघेने एखादी बारीक रेषा पुसली जाते आणि स्कॅनर अडतो. बारकोड ९० अंशांत फिरवला की तीच रेघ सगळ्या रेषांना आडवी छेदते आणि वाचन बहुधा होते. नवे हेड येईपर्यंत दुकान एवढ्यावर चालते. तिरक्या, जागा बदलणाऱ्या पांढऱ्या रेघा मात्र रिबनच्या सुरकुत्यांच्या असतात. तेथे रिबनचा ताण व हेडचा दाब दोन्ही कडांना सारखा करावा.

‘एक सोडून एक कोरे येते’, ‘छपाई खाली सरकते’ या तक्रारी सेन्सरच्या. दोन लेबलांमधल्या फटीतून जास्त प्रकाश आरपार जातो आणि त्यावरून यंत्र लेबलाची सुरुवात ओळखते. रोलची जात बदलली की प्रकाशाचे हे गणित बदलते, म्हणून पुन्हा कॅलिब्रेशन करावे. शेजारी-शेजारी दोन लेबले असलेल्या रोलमध्ये एक खोच असते. सेन्सर बरोबर मध्ये असला तर त्याला दोन रांगांमधली उभी पट्टीच दिसत राहते, फट संपतच नाही. अशा वेळी सेन्सर बाजूला सरकवावा. तो सरकत नसेल तर मागे काळी खूण असलेला रोल आणि ती वाचणारा सेन्सर हवा.

लेबलावर मजकुराऐवजी आज्ञांच्या ओळी छापून येतात तेव्हा ड्रायव्हर एक भाषा पाठवत असतो (उदा., झेडपीएल) आणि यंत्र दुसरीची (उदा., टीएसपीएल) वाट पाहत असते. मराठी मजकुराच्या जागी चौकोन येणे वा जोडाक्षरे फुटणे यांचे कारण वेगळे आहे : यंत्राच्या अंगभूत फाँटमध्ये देवनागरी सहसा नसते. मजकूर ड्रायव्हरकडून चित्ररूपात पाठवला की तो नीट उमटतो.

बारकोड डोळ्यांना सुबक दिसूनही वाचला जात नाही, तेव्हा आकार तपासावा. ईएएन-१३ बारकोडच्या सर्वांत बारीक रेषेची प्रमाण रुंदी ०.३३ मिमी. २०३ डीपीआय यंत्रावर हे माप पूर्ण बिंदूंत बसत नाही. ३ बिंदूंचे ०.३७५ मिमी. होतात. चित्र म्हणून घेतलेला बारकोड माउसने ओढून लहान-मोठा केला तर काही रेषा दोन बिंदूंच्या, काही तीन बिंदूंच्या होतात. म्हणून आकार लेबलाच्या सॉफ्टवेअरमध्येच, पूर्ण बिंदूंत ठरवावा.

डायरेक्ट थर्मल लेबल ऊन, उष्णता आणि मऊ पीव्हीसीची पाकिटे यांमुळे पुसट होते. यात यंत्राचा दोष नाही. महिनोन्‌महिने टिकायला हव्या असलेल्या मजकुरासाठी रिबनची छपाईच वापरावी. रिबन लेबलापेक्षा किंचित रुंद घ्यावी, म्हणजे लेबलाची कड हेडवर घासत नाही.