पंचाहत्तर रुपयांचे व्रत

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगावी देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या ओसरीवर जी गावठी शाळा भरत असे, तीतील पंतोजी बहुधा हौसेने शिक्षक झालेला नसे. वतन नाही, दरबारी चाकरी नाही, भिक्षुकीवर भागत नाही, आणि मोडी अक्षर व हिशेब मात्र हाती आहे, अशा अवस्थेत धूळपाट्यांभोवती चार मुले जमवून पावकी-निमकीची संथा देणे एवढाच मार्ग त्याला उरलेला असे, आणि शिधा, धान्य व सणावारची दक्षिणा यांवर त्याचा प्रपंच चाले. तरीही त्याची हेटाळणी करणे मला अन्यायाचे वाटते, कारण पिढ्यान्‌पिढ्या दप्तरे सांभाळणाऱ्या कारकुनांचे अक्षर अशाच ओसऱ्यांवर वळले होते.

पुढे इंग्रजी अमलात शिक्षणखाते आले, दरमहाचा पगार आला, बदली व पेन्शन आली. वृत्ती सुरक्षित झाली, पण ती मुख्यतः उपजीविकाच राहिली. उपजीविकेचा विचार बाजूस सारून, उलट लोकांचा छळ सोसून, या कामाला हात घालणाऱ्यांत सावित्रीबाई फुले यांचे नाव आधी घेतले पाहिजे. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींना शिकवावयास त्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला शेणमातीचा मारा आला.

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा मात्र एक वेगळाच प्रकार घडला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला होता; टिळक वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होते; मागोमाग येऊन मिळालेले आगरकर, अत्यंत दारिद्र्यात शिकूनही, मोठ्या पगाराची आशा धरू नये असे आपल्या आईला आधीच कळवून बसले होते. मुन्सफी किंवा मामलत ज्यांच्या आवाक्यात होती, अशा माणसांनी जाणूनबुजून शाळामास्तर व्हावे, हे त्या काळच्या आप्तेष्टांना वेडच वाटले असेल. परंतु परकीय सत्तेखाली निस्तेज झालेल्या समाजाला सावध करण्याचा मार्ग शाळेतूनच जातो, अशी त्यांची खात्री होती. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले, आणि आजीव सभासदाने अवघ्या ७५ रुपये दरमहावर वीस वर्षे सेवा करावी, असा दंडक पडला.

हे व्रत निभावणे सोपे नव्हते. बाहेरची कमाई सभासदाने करावी की नाही, संस्थेखेरीज अन्य कार्यात वेळ घालवावा की नाही, यांवरून टिळक आणि आगरकर-गोखले यांच्यात तीव्र मतभेद झाले, आणि १८९० अखेर टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्या वादात कोणाचा पक्ष खरा, हे ठरविण्यापेक्षा मला अधिक महत्त्वाचे हे वाटते की, त्यागाची मर्यादा कोठे आखावयाची यावरून भांडण व्हावे, इतकी ती माणसे आपल्या कामाशी एकनिष्ठ होती. आगरकर पुढे प्राचार्य झाले आणि १८९५ साली, चाळिशीच्या आतच, त्याच पदावर असता वारले.

टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा मोकळी झाली होती. मुंबईत मुलींच्या शाळांतून शिकविणाऱ्या एका सहाध्यायाला गोखल्यांनी बोलाविले. १८९१ साली धोंडो केशव कर्वे पुण्यास आले, आणि विधवांसाठी आश्रम उभारीत असतानाही १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत राहिले.