तंजावरची थाळी आणि तारेची कल्हई

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचं नाव घेतलं की सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या मराठी राजाच्या संग्रहात घर्षणाने वीज निर्माण करणारं यंत्रही होतं. प्रसिद्ध तंजावर थाळी त्यांच्याच काळात घडू लागली, असं मानतात. तळ पितळेचा, त्यावर तांब्या-चांदीचे उठाव. एका धातूने सगळं साधत नाही, म्हणून दुसरा जोडीला घ्यायचा.

रेडिओच्या सुट्या भागांना ज्या बारीक तारा असतात, त्यांची गोष्टही अशीच आहे. वीज वाहायला तांबं उत्तम. पण १८७९ मध्ये एडिसनचा दिवा आला, तेव्हा काचेतून तार आत न्यायची होती. तापल्यावर तांबं काचेपेक्षा जास्त फुगतं, मग सांधा सुटतो आणि हवा आत शिरते. प्लॅटिनम जवळपास काचेइतकंच फुगतं, म्हणून ते वापरलं. पण ते फार महाग. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा गाभा आणि वर तांब्याचं वेष्टन अशी ‘ड्युमेट’ तार आली. काचेच्या डायोडमध्ये ती आजही आहे.

दुसरी अडचण डाग देण्याची. उघडं तांबं काळवंडतं, मग डाग नीट धरत नाही. उपाय आपल्या आजीला ठाऊक होता: कल्हई! पितळेच्या पातेल्यात ताक कळकू नये म्हणून कल्हईवाला नवसागर टाकून कथिल फिरवायचा. तारेवरही कथिलच चढवतात, आणि नवसागराचं काम तिथे फ्लक्स करतं.

या कथिलात पूर्वी थोडं शिसं मिसळत. शिसं विषारी, म्हणून १ जुलै २००६ पासून युरोपने बहुतेक उपकरणांत त्यावर निर्बंध घातले. निर्णय योग्यच. पण निव्वळ कथिलातून केसाहून बारीक धातूचे तंतू आपोआप उगवतात आणि शेजारच्या तारेला टेकले की शॉर्टसर्किट! १९९८ मध्ये ‘गॅलेक्सी ४’ उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेतले लाखो पेजर मुके झाले. ठपका याच तंतूंवर आला. थोडं शिसं त्यांना रोखत असे. म्हणूनच अवकाशयानांसाठी आजही शिशाची सूट आहे.

माणसाला जपायचं की यंत्राला, हा प्रश्न एका तारेच्या कल्हईत दडलेला आहे. पुढच्या वेळी जुना रेडिओ उघडलात, तर त्या चंदेरी तारांकडे जरा निरखून बघा.