स्त्रीचें संस्कृत आणि विदूषकाचें हसूं : मृच्छकटिकांतील दोन स्थळें

मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकांत रेभिलाचें गाणें ऐकून चारुदत्त व मैत्रेय रात्रीं घरीं परतत असतात. चारुदत्त अद्याप त्या गाण्यांतच रंगलेला आहे; मैत्रेयास मात्र तें मुळींच रुचलेलें नाहीं. आपणांस दोनच गोष्टींचें हसूं येतें असें तो सांगतो : संस्कृत म्हणणारी स्त्री व बारीक गळ्यानें गाणारा पुरुष. पहिली त्यास नव्यानें वेसण घातलेल्या कालवडीप्रमाणें सूं सूं करणारी वाटते; दुसरा, सुकलेल्या फुलांची माळ घालून मंत्र पुटपुटणाऱ्या म्हाताऱ्या पुरोहितासारखा. हें स्थळ विद्वानांच्या परिचयाचें आहे. परंतु तें ऐकून प्रेक्षकांपैकीं कोण हसत असेल, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

भरतमुनींचें या बाबतींतील मत स्पष्ट आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत हास्यरस बहुधा स्त्रिया व नीच प्रकृतीचीं माणसें यांच्या ठायीं दिसतो असें सांगून त्यांनीं हसण्याच्या सहा पायऱ्या लाविल्या आहेत : स्मित व हसित उत्तमांचें, विहसित व उपहसित मध्यमांचें, अपहसित व अतिहसित अधमांचें. पुढें सत्ताविसाव्या अध्यायांत प्रेक्षकांची वांटणी येते. तरुण शृंगारानें, शूर बीभत्सरौद्रांनीं व वृद्ध धर्मकथांनीं संतुष्ट होतात. बालक, मूर्ख व स्त्रिया यांस हास्य आणि वेषभूषा पुरते. या वांटणीवरून एक गोष्ट निःसंशय ठरते कीं, प्रेक्षागृहांत स्त्रिया बसत असत व त्या हसत असत. त्या कशास हसत, हें मात्र शास्त्रकारानें सांगितलेलें नाहीं. तें नाटकांतूनच काढावें लागतें.

मैत्रेयाचा विनोद या दृष्टीनें पाहूं. बोलणारा जातीनें ब्राह्मण, पण विदूषक असल्यामुळें तो स्वतः प्राकृतच बोलतो. पृथ्वीधर टीकाकार त्याची भाषा प्राच्या ठरवितो. संस्कृत बोलण्याचा ज्यास जन्मतः अधिकार, पण रंगभूमीवर ज्याच्या तोंडीं तें येत नाहीं, असा हा पुरुष स्त्रीच्या संस्कृतास हसतो, आणि तेंही प्राकृतांत! पंडित प्रेक्षक त्या कालवडीस हसला असेल; प्राकृत हीच जिची घरची भाषा, ती स्त्री त्या ब्राह्मणास हसली नसेल असें कोण म्हणेल? दुसरा दृष्टान्तही पुरोहिताचाच आहे, हें विसरतां कामा नये.

हा आमचा केवळ तर्क नव्हे. चौथ्या अंकांत हाच मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्यांत येतो, तेव्हां ती त्याच्याशीं मुद्दाम संस्कृतांत बोलते आणि चारुदत्तास वृक्षाची उपमा देऊन त्याच्या मित्रांचें कुशल विचारते. गणिकेनें प्रसंगविशेषीं संस्कृत बोलावें अशी शास्त्राची सवलत आहेच. पण मैत्रेय येथें हसत नाहीं. या दुष्टेनें बरोबर हेरलें, असें तो मनाशीं म्हणतो व उघड होकार देतो. पांचव्या अंकांतील पावसांत तर ती श्लोकामागून श्लोक संस्कृतांत म्हणते. तिसऱ्या अंकांत हसलेल्या प्रेक्षकास कवीनें दोन अंकांच्या आंत हें उत्तर दिलें आहे. तें सहज घडलें असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरें स्थळ सहाव्या अंकांतील. कैदेंतून पळालेला आर्यक वसंतसेनेसाठीं आणलेल्या गाडींत लपला आहे. चंदनक त्यास पाहतो, अभय देतो, व वीरकास सांगतांना आधीं पुल्लिंगी ‘अज्जो’ म्हणून मग ‘अज्जा’ म्हणतो. वीरकाचा संशय जागा होतो. त्यावर चंदनकाचें उत्तर मोठें मासलेवाईक आहे : आम्ही दाक्षिणात्य अस्पष्ट बोलणारे, खस, कर्नाट, द्रविड, चीन इत्यादि अनेक लोकांच्या भाषा जाणणारे, आर्य काय नि आर्या काय, वाटेल तसें बोलतों! पुढें तो कर्नाटी पद्धतीनें भांडणच उकरून काढतो, व दोघेही एकमेकांची जात खुणांनीं उघडी करतात. दक्षिणेकडच्यांस लिंगभेद धड कळत नाहीं ही उत्तरेची थट्टा येथें एका दाक्षिणात्यानें ढालीसारखी वापरली आहे. उज्जयिनीकर प्रेक्षक दक्षिण्याच्या भाषेस हसेल. दक्षिणी प्रेक्षक, वीरक कसा फसला यास हसेल. पृथ्वीधर या दोघांचीही भाषा आवंतीच देतो, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

शकाराची गोष्ट निराळी. रावणाच्या तावडींत कुंती, हनुमंतानें पळविलेली सुभद्रा, असे त्याचे दृष्टान्त ऐकून हसण्यास संस्कृत यावयास नको. पुराण कानावरून गेलेलें असलें म्हणजे झालें, आणि तें स्त्रियांच्याही कानावरून जात असे.

स्त्रीच्या हातून विदूषकाचा पराभव पाहावयाचा तर राजशेखराची कर्पूरमंजरी पाहावी. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या या कवीचा पणजा अकालजलद महाराष्ट्राचा भूषण म्हणविला जाई. हें सबंध सट्टक प्राकृतांत असून तें कवीची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून रंगभूमीवर आणल्याचें प्रस्तावनेंतच सांगितलें आहे. संस्कृत पुरुषासारखें कठोर, प्राकृत स्त्रीसारखें सुकुमार, हें प्रसिद्ध मतही तेथलेंच. पहिल्या अंकांत विचक्षणा नांवाची दासी व विदूषक यांची काव्याची चढाओढ लागते. राजा दासीच्या पद्यास मान देतो आणि विदूषक ब्राह्मणाची व दासीची एकच पायरी लावल्याबद्दल रागावून चालता होतो. ज्या कृतीच्या पाठीशीं स्त्रीची इच्छा, तींत हसूं कोणाकडे वळलें आहे तें पाहावें.

आतां पोथ्यांविषयीं. स्टेन्झलरनें १८४७ मध्यें बॉन येथें व ना. बा. गोडबोले यांनीं १८९६ मध्यें मुंबई संस्कृत मालेंत मृच्छकटिक छापलें. छापील प्रतींतून प्राकृताखालीं संस्कृत छाया असते, आणि अभ्यासक बहुधा तीच वाचतात. छायेंत शकाराचा ‘श’ नाहींसा होतो, विदूषक शुद्ध संस्कृत बोलूं लागतो, व त्यानें स्त्रीच्या संस्कृतास हसावें यांतील सारें मर्म बुडतें. लेखकांनीं प्राकृत पाठ पुष्कळदां बिघडविले हें खरें. तथापि जुन्या प्रतींत ‘स’च्या जागीं ‘श’, ‘र’च्या जागीं ‘ल’ किंवा लिंगाचा गोंधळ दिसला तर तो लेखकाचा प्रमाद समजून सुधारण्यापूर्वीं पात्र कोणतें तें पाहावें. ज्यांच्या संग्रहीं या नाटकाची छायारहित प्रत असेल त्यांनीं निदान तिसऱ्या व सहाव्या अंकांतील या दोन स्थळांचे पाठ जसेच्या तसे उतरून प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंति आहे.