किल्लारी

किल्लारी : मराठवाड्याच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात असलेले बाजारपेठेचे गाव. लातूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस-पंचेचाळीस किमी. अंतरावर, औसा आणि उमरगा यांच्या दरम्यान तेरणा नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने हे नाव देशभर पोचले आणि त्या एका पहाटेशी कायमचे जोडले गेले. गावाची त्याआधीची आणि त्यानंतरचीही हकीकत मोठी आहे. ती समजायला गावकऱ्यांचेच दोन शब्द पुरतात : वस्तीची जागा ती पांढर आणि पिकाची जमीन ती काळी. भूकंपानंतर पांढर उठून दुसरीकडे गेली, काळी जिथल्या तिथे राहिली.

तेरणा ही मांजरेची उपनदी. तिच्या वरच्या अंगाला काठावर तेर हे गाव आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ म्हणून तगराचा उल्लेख येतो. तिथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे पाँपेईत सापडलेल्या प्रतिमेशी असलेले साम्य अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. समुद्रापासून इतक्या आत असूनही हे खोरे दोन हजार वर्षांपूर्वी बंदरावरच्या व्यापाराला बांधलेले होते. मराठवाडा पूर्वापार जगापासून तुटलेला होता असे सरसकट म्हणतात, ते या पुराव्यापुढे टिकत नाही.

पुढे हा मुलूख बहमनी, आदिलशाही, मोगल अशा सत्तांखालून निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेला. औशाचा भुईकोट त्या शतकांची खूण आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. किल्लारी तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, आणि तेरणेच्या आजूबाजूची सोयरिकीची गावे दोन जिल्ह्यांत वाटली गेली.

या भागाच्या आधुनिक व्यापाराचे दार लातूर. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली, आणि कडधान्ये व तेलबिया कुर्डुवाडीमार्गे मुंबईकडे जाऊ लागल्या. किल्लारीला रेल्वे नाही. गावाचा माल बैलगाडीने, नंतर ट्रक-टेम्पोने लातूर किंवा उमरग्याच्या आडतीवर जात आला आहे. आसपासच्या खेड्यांसाठी मात्र किल्लारी हीच पेठ : आठवडी बाजार, किराणा, बी-बियाणे, दवाखाना, शाळा. भूकंपाआधीचे किल्लारी चांगले नांदते होते, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण वृत्तपत्रांनी ते ढिगाऱ्यापासूनच पाहायला सुरुवात केली.

शेती हाच इथला मूळ धंदा. जमीन बेसाल्टाच्या झिजेतून आलेली, ओल धरून ठेवणारी. त्यामुळे रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा आणि खरिपातली तूर ही जुनी पिके. अलीकडच्या दशकांत सोयाबीनने खरीप जवळजवळ व्यापला आणि करडई मागे पडली. ज्वारी कमी झाल्याने कडबाही घटला, त्याची झळ जनावरे पाळणाऱ्यांना बसते. माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प आणि विहिरी-बोअर यांच्या जोरावर ऊस वाढला, काही शेतकरी द्राक्षाकडे वळले. शेतकरी सहकारी साखर कारखाना हा गावाच्या नावाशी जोडलेला एकमेव मोठा उद्योग. मधल्या काळात तो अनेक हंगाम बंद होता. कारखाना बंद असला की ऊस दूरच्या गाळपाला न्यावा लागतो आणि तोड लांबते. पेठेतली उधारीही लांबते. इथल्या दुकानदाराला कारखान्याच्या भोंग्याची जी वाट असते, ती पावसाइतकीच खरी आहे.

आता भूकंप. १९९२ च्या पावसाळ्यानंतर या भागात लहान धक्के जाणवू लागले होते, जमिनीतून गूढ आवाज येत होते. लोक घाबरले, काही रात्री बाहेर झोपले, मग सवय झाली. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान, केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते. किल्लारीसह सास्तूर, मंगरूळ, गुबाळ अशी लातूर-उस्मानाबादची गावे काही सेकंदांत खाली बसली. सरकारी मोजणीनुसार मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, इतर अंदाज त्याहून जास्तीचे आहेत. पुढचे दिवस पावसाचे होते. पडक्या घरांच्या तुळयांवर सामुदायिक चिता रचाव्या लागल्या.

इतके मृत्यू का झाले याचे उत्तर घरांत आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ताकदीने जवळपास एवढाच होता, तिथे बळी दोनशेच्या आसपास. इथली घरे माळवदाची : दोन-तीन फूट रुंदीच्या, ओबडधोबड दगड मातीत बसवलेल्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर उन्हाळ्याचा ताप अडवणारा मातीचा जाड थर. दरवर्षी माती टाकून माळवद अधिकच जड होई. हे घर अडाणीपणाचे नव्हते. मराठवाड्याच्या उन्हाला ते चोख उत्तर होते, आणि माळवदावर धान्य वाळे, रात्री माणसे निजत. भूकंपाचा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता, कारण देशाच्या भूकंप-नकाशावर हा भाग सर्वांत सुरक्षित पट्ट्यात मोडत होता. नंतर तो नकाशाच बदलला : २००२ च्या भारतीय मानकात पहिला पट्टा रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर घेतले. त्यात ३३८ मीटर जाडीच्या बेसाल्टाखाली अतिप्राचीन पायाखडक लागला. भूकंपाला माकणीचे धरण कारण ठरले का, यावर मतभेद झाले, परंतु मुख्य ताण भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकण्यातून साठतो, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

पुनर्वसनासाठी राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा कार्यक्रम आखला. शरद पवार त्या वेळी मुख्यमंत्री होते, प्रवीण परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी. ५२ गावे नव्या जागी बसवण्यात आली, किल्लारी त्यांपैकी एक. तेरा जिल्ह्यांत घरदुरुस्ती झाली, तिथे मालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली काम केले. या दुरुस्तीत गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. पुढे २००१ च्या भूकंपानंतर लातूरकडच्या अशा बायकांनी गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगितला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले.

स्थलांतरित गावांत घराचा आकार जमिनीवरून ठरला : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौ. फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. वाटणी सोपी झाली खरी. पण ज्या उतरंडीवर जुने गाव उभे होते, तीच मोजमाप घेऊन काँक्रीटमध्ये ओतली गेली, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते. शिवाय नव्या वसाहतींचे रस्ते रुंद, आखणी शहरी. दारातली ओसरी गेली, गोठ्याला जागा उरली नाही, शेत लांब पडले. बैलबारदान, कडबा, इंधन ठेवायचे कुठे, हा प्रश्न आराखड्यात नव्हता, तो लोकांनी पत्र्याची शेडे मारून सोडवला.

पैशाचा ओघ मात्र मोठा होता. सिमेंट, सळई, खडी, वाहतूक आणि बांधकामाची मजुरी यांतून काही वर्षे पेठ चालली. गवंडीकाम शिकलेले हात नंतर लातूर, पुणे, सोलापूरच्या बांधकामांवर गेले. घरातला कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबांची गोष्ट वेगळी. तिथे शेतीचा कारभार विधवांच्या आणि लहान मुलांच्या हाती आला.

जुन्या किल्लारीच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथे पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, गावकरी फुले वाहतात. तोवर सोयाबीन काढणीला आलेले असते, आणि मानवंदना आटोपली की लोक काळीत जातात.