विज्ञानशिक्षकाचें धैर्य: होशंगाबादच्या एका उपक्रमाचा इतिहास

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या शिक्षकांचें स्मरण सर्वत्र होईल, तें योग्यच आहे. परंतु त्यांच्या एका मूक अडचणीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वनस्पतिशास्त्र शिकून आलेल्या शिक्षकास विजेचा धडा द्यावा लागतो. रसायनाच्या पदवीधरास हृदयाचें कार्य समजावून सांगावें लागतें. सर्व शास्त्रें एका पुस्तकांत बांधलीं गेलीं, कीं पुष्कळ शिक्षकांचा धीर सुटतो आणि व्याख्या फळ्यावर उतरविणें हाच निर्धोक मार्ग उरतो. ही भीति घालविण्याचा एक मोठा यत्न आपल्या शेजारच्या राज्यांत झाला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

मध्य प्रदेशांत नर्मदेच्या तीरीं होशंगाबाद, म्हणजे आतांचें नर्मदापुरम्, हा जिल्हा आहे. तेथें १९७२ सालीं ‘किशोर भारती’ ही संस्था व रसूलिया येथील क्वेकर ख्रिस्ती बांधवांचें ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनीं सरकारच्या अनुमतीनें १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांकरितां विज्ञानशिक्षणाचा नवा उपक्रम आरंभिला. किशोर भारतीचे संस्थापक डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतून तिकडे गेले होते. त्या संस्थेंतील व दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञ खेड्यांतील शिक्षकांच्या साह्यास धांवले.

उन्हाळ्याच्या सुटींत प्रत्येक इयत्तेसाठीं शिक्षकांचें तीन आठवड्यांचें शिबिर भरे. तेथें नुसतीं व्याख्यानें नसत. मुलांनीं पुढें जे प्रयोग करावयाचे, तेच शिक्षक टोळ्या करून स्वहस्तें करीत, चुकत, वाद घालीत व पुन्हां करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरें नसत. प्रयोग व प्रश्न असत. वर्षभर दरमहा शिक्षक एकत्र जमून आपल्या अडचणी मांडीत. परीक्षेंत पुस्तक जवळ ठेवण्याची मोकळीक असे, आणि प्रत्यक्ष प्रयोगही करून दाखवावे लागत.

साधनेंही साधीं असत. १९७८ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्यांतून रजा घेऊन तेथें गेलेले श्री. अरविंद गुप्ता यांनीं आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृति बनविल्या. मुलांच्या शंकांकरितां ‘सवालीराम’ नांवाचें एक कल्पित पात्र होतें. त्यास पत्र लिहिलें, कीं उत्तर येई. त्यामुळें शिक्षकास न सुटलेला प्रश्न दडपून टाकण्याचें कारण उरलें नाहीं. ‘मला ठाऊक नाहीं, चला, करून पाहूं’ असें वर्गांत निःसंकोच म्हणतां येणें, हेंच आमच्या मतें खरें विज्ञानशिक्षकाचें धैर्य होय. सर्व शास्त्रें मुखोद्गत असण्यानें तें येत नाहीं. हातानें केलेल्या कामानें व सोबत्यांच्या आधारानें येतें.

१९७८ सालींच हा उपक्रम जिल्ह्यांतील सर्व शाळांच्या त्या वर्गांत गेला. १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेनें पुढें त्याचा भार वाहिला, व इतर जिल्हे मिळून तो सुमारें १००० शाळांपर्यंत पोंचला. २००२ सालीं मात्र राज्य सरकारनें तो बंद केला, आणि शाळांत पुन्हां नेहमींचीं पुस्तकें आलीं. तीस वर्षांची ती घडी एका आज्ञेनें मोडली. पुस्तक एका वर्षांत बदलतां येतें. धीट शिक्षक घडण्यास अनेक उन्हाळे लागतात.

वाचकहो, आपल्या पुष्कळ घरांत शिक्षक व शिक्षिका आहेत. त्यांनीं शिबिरास जाण्याकरितां वेळ मागितला, वर्गांत एखादा प्रयोग फसला, किंवा एखाद्या प्रश्नास ‘उद्यां पाहूं’ असें उत्तर मिळालें, तर पालकांनीं व शाळाचालकांनीं त्यांस दोष देऊं नये, इतकीच आमची नम्र विनंति आहे.