शॅल की शुड?

स्पेसिफिकेशनमध्ये 'शॅल' लिहायचं की 'शुड', यावर वाद झाला नाही असा प्रोजेक्ट मी तरी अजून पाहिलेला नाही. नवीन मुलांना वाटतं, काय फरक पडतो यार? मराठीत दोन्हीला आपण 'करावे' म्हणून मोकळे होतो. बरं, आपलं 'करावे' म्हणजे बऱ्याचदा हुकूमच. 'चपला बाहेर काढाव्यात' ही देवळाबाहेरची पाटी कुणी नम्र सूचना म्हणून घेतो का?

इंटरनेटवाल्यांनी हा घोळ मार्च १९९७ मध्येच निस्तरला. स्कॉट ब्रॅडनर यांच्या जेमतेम तीन पानी आरएफसी २११९ मध्ये 'मस्ट' आणि 'शॅल' एकाच पंगतीत बसलेत: करायचंच. 'शुड' म्हणजे करायला हवं, पण सबळ कारण असेल आणि परिणामांचा नीट विचार केला असेल, तर सोडलं तरी चालेल.

पण खरा किस्सा वेगळाच आहे. १२ डिसेंबर २०१५. पॅरिसजवळचं ल बुर्जे. दोन आठवडे चाललेली हवामान परिषद शेवटाला आली होती. दुपारी अंतिम मसुदा वाटला गेला आणि अमेरिकेच्या वकिलांच्या पोटात गोळा आला. चौथ्या कलमात एक वाक्य होतं, की विकसित देशांनी पूर्ण अर्थव्यवस्थेला लागू होईल असं उत्सर्जन-कपातीचं लक्ष्य घेऊन पुढाकार चालू ठेवावा. आधी तिथे 'शुड' होतं. आता 'शॅल' छापलेलं!

'शॅल' म्हणजे कायदेशीर बंधन, आणि तसं नवं बंधन म्हणजे सेनेटची दोन तृतीयांश मतं, असं ओबामा सरकारचं गणित. ती मिळणं अशक्यच होतं. क्योटो कराराच्या आधी, जुलै १९९७ मध्ये, याच सेनेटने विकसनशील देशांना मोकळं सोडणाऱ्या कराराविरुद्ध ९५ विरुद्ध ० असा ठराव केला होता. जॉन केरींनी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लोरां फाब्युस यांना स्पष्ट सांगितलं, हा शब्द राहिला तर आम्ही नाही.

मग खूप उशिराने सभा भरली. सचिवालयाच्या एका अधिकाऱ्याने किरकोळ दुरुस्त्यांची यादी निर्विकार आवाजात वाचली, आणि त्यातच गुपचूप 'शॅल'चं 'शुड' झालं. फाब्युस यांनी छोटासा हिरवा हातोडा आपटला. झाला करार! निकाराग्वाच्या प्रतिनिधीने नाराजी दाखवली, पण तोवर टाळ्या पडून गेल्या होत्या.

आयोजकांच्या मते ती टायपिंगची चूक. मला हे पटतं. रात्री जागून केलेल्या मर्जमध्ये नको ती ओळ घुसलेली कुणी पाहिली नाही? पण ही 'किरकोळ' दुरुस्ती नव्हती. पुढच्याच वाक्यात आपल्यासारख्या विकसनशील देशांसाठी 'शुड' होतं. 'शॅल' राहिलं असतं तर श्रीमंतांवर बंधन आणि आपल्यावर फक्त अपेक्षा. आता दोघांनाही एकच क्रियापद. दोनशे वर्षं कोळसा जाळलेल्यांना हे फारच स्वस्तात पडलं, असं मला वाटतं.

असो. सेनेटला वळसा घालून ओबामांनी सप्टेंबर २०१६ मध्ये स्वतःच्या अधिकारात करार स्वीकारला. तसाच तो ट्रम्प यांनी स्वतःच्या अधिकारात सोडला, ४ नोव्हेंबर २०२० पासून. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन यांनी अमेरिकेला परत आणलं. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले, आणि बाहेर पडायच्या आदेशावर त्यांनी त्याच दिवशी सही केली.