पंचगंगेचा पूर आणि कोल्हापूरची परतीची वाट

कोल्हापूरला परतणाऱ्या प्रवाशाची वाट पावसाळ्यात अडते, याचे कारण शहराच्या भूगोलात आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या आणि परंपरेने मानलेली गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा तयार होते, शहराला उत्तरेकडून वळसा घालते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. त्याच वेळी कृष्णाही भरून वाहत असली की पंचगंगेचे पाणी पुढे न सरकता मागे चढत जाते. या फुगवट्यामुळे पाऊस उघडल्यावरही पूर लवकर ओसरत नाही. पुणे, रत्नागिरी आणि मिरज या तिन्ही बाजूंचे मार्ग ही नदी ओलांडूनच शहरात येतात, आणि दक्षिणेकडून निपाणीमार्गे यावे तर यमगर्णीजवळ वेदगंगा आडवी येते.

पुलांपूर्वीच्या काळात नदी ओलांडण्याचे साधन म्हणजे तर, अर्थात दोन काठांमध्ये ये-जा करणारी नाव. पूर चढला की तर बंद होई आणि काठावर थांबण्यावाचून गत्यंतर नसे. व्यापारी आणि यात्रेकरू चातुर्मासात लांबचा प्रवास शक्यतो टाळत, त्यामुळे त्यांच्यापुरता हा प्रश्न सौम्य होता. परंतु लेकीला माहेरी आणण्याचा नागपंचमीचा सण नेमका नद्या भरलेल्या असतानाच येतो, आणि तिला न्यायला आलेल्या मुराळ्याने, म्हणजे भावाने किंवा माहेरच्या अन्य नातलगाने, पाणी उतरेपर्यंत सासरच्या घरीच मुक्काम करणे त्या व्यवस्थेत स्वाभाविक मानले जाई. अडलेल्याला ठेवून घेण्याचे हे सामाजिक बळ कोणत्याही बांधकामाइतकेच मोलाचे होते. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या दगडी कमानींच्या शिवाजी पुलाने रत्नागिरीच्या वाटेवरील तरीची गरज संपवली.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर ही संस्थानी रेल्वे सुरू झाली आणि प्रवास वेळापत्रकाला बांधला गेला. हा मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला होता, तर मुंबई-पुणे मार्ग त्याहून रुंद ब्रॉडगेजचा. त्यामुळे मुंबईहून निघालेल्याला गाडी बदलावी लागे आणि पहिली गाडी रखडली तर पुढची चुकण्याची धास्ती असे. १९७१ मध्ये ब्रॉडगेज कोल्हापूरपर्यंत आल्यावर ही अडचण सरली. तथापि कोल्हापूर हे आजही शेवटचे स्थानक आहे, वैभववाडीमार्गे कोकणाला जोडणारा नियोजित लोहमार्ग झालेला नाही, आणि रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलाशी पाणी वाढले की शहराला रेल्वेने पोहोचण्याची दुसरी वाट उरत नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात या मर्यादा एकामागून एक उघड झाल्या. २७ जुलै रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. सुमारे १०५० प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक ग्रामस्थांनी बाहेर काढले व पुढे कल्याणहून विशेष गाडी सोडण्यात आली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकून ५५ फूट ओलांडले आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. महामार्गावर मालमोटारींच्या लांब रांगा लागल्या आणि अडकलेल्या चालकांना आसपासच्या गावकऱ्यांनी जेवण पुरवले. घराच्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पा काही ठिकाणी काहिलीतून, म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवण्याच्या पसरट कढईतून, पार करावा लागला. शासकीय बोटी पोहोचेपर्यंत गावांनी आपल्या हाताशी असलेले साधन वापरले, याची नोंद इतिहासाने आदरपूर्वक घ्यायला हवी.

जुलै २०२१ मध्ये पातळी ५६ फुटांच्याही वर गेली आणि महामार्ग पुन्हा बंद झाला. शिरोली परिसरात रस्त्यासाठी घातलेला मातीचा भराव पाणी अडवतो, म्हणून तेथे खांबांवरचा रस्ता बांधावा, अशी मागणी पूरग्रस्त भागातून सातत्याने होत आली आहे, आणि फुगवट्याचे स्वरूप पाहता ती रास्त आहे. कारण नदी ओलांडण्यासाठी केलेले बांधकाम तिच्या पाण्याला वाट देत नसेल, तर प्रवासी आणि काठावरचे गाव या दोघांचीही कोंडी होते.